एका स्टोअर्ड प्रोसिजरमधून अनेक डेटाबेस: वर्षनिहाय हिशेबाचं उदाहरण घेऊन

हिशेबाची बरीच सॉफ्टवेअर दर आर्थिक वर्षाला नवा डेटाबेस उघडतात. ३१ मार्चला जुनं वर्ष बंद होतं आणि १ एप्रिलपासून नव्या डेटाबेसमध्ये नोंदी पडू लागतात. खातेदारांची आणि मालाची यादी समाईक डेटाबेसमध्ये असते, व्हाउचरं त्या त्या वर्षाच्या डेटाबेसमध्ये. वर्षभर कुणाला काही जाणवत नाही. मग एखादी पार्टी तीन वर्षांचा खातेउतारा मागते, किंवा एप्रिलमध्ये अखेरची शिल्लक पुढे ओढायची वेळ येते, आणि एकाच स्टोअर्ड प्रोसिजरला, म्हणजे सर्व्हरवर नाव देऊन साठवलेल्या आज्ञांच्या संचाला, तीन-चार डेटाबेसमध्ये हात घालावा लागतो.

हा लेख त्या कामासाठी आहे. सगळं विवेचन मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरचं आहे आणि सगळे डेटाबेस एकाच इन्स्टन्सवर, म्हणजे सर्व्हरच्या एकाच चालू स्थापनेवर, आहेत असं धरलं आहे. डेटाबेस तीन: समाईक, हिशेब२४२५ आणि हिशेब२५२६. नमुन्यांतल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. टेबलांची नावं खरोखरच मराठीत ठेवणार असाल तर प्रत्येक नाव चौकोनी कंसात घाला.

क्वेरी चालवणं यात सर्वांत सोपं आहे, ते पाच मिनिटांत जमतं. खरं काम पुढे आहे. प्रत्येक डेटाबेस हा परवानग्यांची, बॅकअपची आणि कोलेशनची (मजकूर ताडण्याच्या व क्रम लावण्याच्या नियमांची) स्वतंत्र हद्द असतो. प्रोसिजर हद्द ओलांडते, पण या तीन गोष्टी आपोआप तिच्यासोबत जात नाहीत. म्हणून नावाचा भाग लवकर उरकून तिकडे वळू.

नाव पूर्ण लिहा

एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबलचं पूर्ण नाव चार भागांचं असतं: सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा गट, बहुधा डीबीओ), टेबल. इन्स्टन्स एकच असेल तर शेवटचे तीन पुरतात.

सिलेक्ट ख.नाव, सम(व.नावे) - सम(व.जमा) ॲज शिल्लक
फ्रॉम हिशेब२५२६.डीबीओ.व्हाउचर ॲज व
जॉईन समाईक.डीबीओ.खाते ॲज ख ऑन ख.खाते_आयडी = व.खाते_आयडी
ग्रुप बाय ख.नाव;

दोन डेटाबेस आहेत म्हणून ही क्वेरी हळू चालते असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. एकाच इन्स्टन्सवर ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा सर्व्हरचा भाग) दुसऱ्या डेटाबेसमधल्या टेबलचे इंडेक्स आणि स्टॅटिस्टिक्स तितक्याच सहज वापरतो. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा: क्वेरी ज्या डेटाबेसच्या संदर्भात चालते, त्याची कम्पॅटिबिलिटी लेव्हल (सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे वागायचं ते सेटिंग) लागू होते. समाईक डेटाबेस जुन्या लेव्हलवर राहिला असेल, तर तिथल्या प्रोसिजरला ओळींचा अंदाजही जुन्याच पद्धतीने मिळतो.

स्कीमा गाळून मध्ये नुसते दोन टिंब देण्याची सवय असेल तर ती सोडा. स्कीमा न दिल्यास चालवणाऱ्या युजरचा डीफॉल्ट स्कीमा धरला जातो. विकासकाकडे चालणारी प्रोसिजर कॅशियरकडे टेबल सापडत नाही म्हणते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

प्रोसिजरच्या आत यूज लिहिता येत नाही, १५४ क्रमांकाची चूक येते. क्रिएट प्रोसिजर लिहिताना नावापुढे डेटाबेसचं नावही चालत नाही, तिथे १६६ येते. प्रोसिजर ज्या डेटाबेसमध्ये हवी तिथे आधी जाऊनच ती तयार करावी लागते.

तयार करताना सापडलेलं यशही पुरतं खरं मानू नका. टेबल अस्तित्वातच नसेल तरी प्रोसिजर विनातक्रार तयार होते आणि चालवल्यावर २०८ देते. टेबल आहे पण कॉलम नाही, असं असेल तर तयार करतानाच २०७ मिळते. म्हणजे डेटाबेसच्या नावात एक अक्षर चुकलं तर ते पहिल्यांदा चालवेपर्यंत कळणार नाही.

प्रोसिजरचं घर ठरवा

दुसऱ्या डेटाबेसमधली प्रोसिजर तीन भागी नावाने बोलावली, की ती स्वतःच्या डेटाबेसच्या संदर्भात चालते. तिच्या आत डीबी_नेम() विचारलं तर ती स्वतःच्या डेटाबेसचं नाव सांगते, बोलावणाऱ्याचं नाही. पुढची निम्मी रचना या एका नियमावर उभी आहे.

त्यातून दोन पर्याय निघतात. एक, सगळा मजकूर समाईकमधल्या एकाच प्रोसिजरमध्ये लिहायचा आणि प्रत्येक वर्षाच्या टेबलांना तिथून हात घालायचा. दोन, प्रत्येक वर्षाच्या डेटाबेसमध्ये एक लहान प्रोसिजर ठेवायची, जी फक्त स्वतःच्या टेबलांशी बोलते, आणि समाईकमधल्या प्रोसिजरने तिला हाक मारायची. शक्य असेल तिथे मी दुसराच घेते. लहान प्रोसिजरमध्ये कुठेच डेटाबेसचं नाव नसतं. त्यामुळे तीच अक्षरशः जशीच्या तशी दरवर्षी नव्या डेटाबेसमध्ये चढते, आणि एखाद्या वर्षाच्या टेबलमध्ये एखादा कॉलम वेगळा निघाला तर फरक त्याच डेटाबेसमध्ये मिटतो.

मास्टर डेटाबेसमध्ये एसपी_ ने सुरू होणारी प्रोसिजर ठेवली तर ती कुठूनही बोलावता येते, म्हणून काही जण सगळं तिथेच टाकतात. कृपया तसं करू नका. मास्टर ही सर्व्हरची स्वतःची जागा आहे. आपल्या डेटाबेसच्या बॅकअपमध्ये तिथली प्रोसिजर येत नाही, आणि सर्व्हर बदलताना ती मागे राहते.

डेटाबेसचं नाव ठरलेलं असेल तर सिनोनिम

समाईक डेटाबेस वर्षागणिक बदलत नाही. तरी वर्षाच्या प्रोसिजरमध्ये पन्नास ठिकाणी समाईक.डीबीओ.खाते असं लिहू नका. चाचणीसाठी त्याच सर्व्हरवर समाईक_चाचणी नावाने प्रत उभी केली, तर चाचणीतली प्रोसिजर खऱ्या डेटाबेसमध्ये लिहीत राहील. तेही एकही चूक न दाखवता.

यावर उपाय सिनोनिमचा, म्हणजे दुसरीकडच्या वस्तूला दिलेल्या टोपणनावाचा, आणि तो एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून आहे:

क्रिएट सिनोनिम डीबीओ.स_खाते फॉर समाईक.डीबीओ.खाते;

आता प्रोसिजरमध्ये सगळीकडे डीबीओ.स_खाते वापरा. चाचणीच्या डेटाबेसमध्ये हाच सिनोनिम समाईक_चाचणीकडे वळवला की काम झालं. मर्यादा तीन आहेत. सिनोनिम एका टेबलला, व्ह्यूला किंवा प्रोसिजरला देता येतो, अख्ख्या डेटाबेसला नाही. सिनोनिमचा सिनोनिम चालत नाही. आणि ऑल्टर सिनोनिम अशी आज्ञाच नाही, काढून पुन्हा तयार करावा लागतो. तसं केल्यावर त्याच्यावर दिलेल्या परवानग्या जातात, म्हणून काढणं, तयार करणं आणि परवानगी देणं हे तिन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवा.

सिनोनिम तयार करताना समोरचं टेबल खरंच आहे का, हे सर्व्हर पाहत नाही. तेव्हा सगळे तयार झाले की सिस.सिनोनिम्स या व्ह्यूमधून बेस_ऑब्जेक्ट_नेम घ्या, ते ऑब्जेक्ट_आयडी() ला द्या आणि कुठे नल येतं ते तपासा.

डेटाबेसचं नाव चालवताना ठरणार असेल तर

खातेउताऱ्यासाठी किती वर्षं लागणार हे आधी माहीत नसतं. इथे बहुतेक जण अख्खी क्वेरी एका लांब स्ट्रिंगमध्ये जुळवतात, मध्ये डेटाबेसचं नाव चिकटवतात आणि एक्झेकने चालवतात. वापरणाऱ्याने दिलेलं नाव असं थेट चिकटवलं, तर त्या नावातून कुणीही हवी ती आज्ञा आत सोडू शकतो. शिवाय अशी स्ट्रिंग सहा महिन्यांनी वाचता येत नाही.

त्याऐवजी असं करा. समाईकमध्ये वर्षयादी नावाचं छोटं टेबल ठेवा: वर्ष, डेटाबेस_नाव, बंद_आहे. डेटाबेस_नावाचा प्रकार सिसनेम, म्हणजे सर्व्हर वस्तूंच्या नावांसाठी वापरतो तो मजकुराचा प्रकार. बाहेरून पॅरामीटर म्हणून फक्त वर्ष घ्यायचं, डेटाबेसचं नाव कधीच नाही. नाव या यादीतूनच यायला हवं.

प्रत्येक वर्षाच्या डेटाबेसमध्ये ही लहान प्रोसिजर:

क्रिएट ऑर ऑल्टर प्रोसिजर डीबीओ.उतारा_भर
    @खाते_आयडी इंट
ॲज
सेट नोकाउंट ऑन;
इन्सर्ट इन्टू #उतारा (डेटाबेस_नाव, तारीख, तपशील, नावे, जमा)
सिलेक्ट डीबी_नेम(), तारीख, तपशील, नावे, जमा
फ्रॉम डीबीओ.व्हाउचर
व्हेअर खाते_आयडी = @खाते_आयडी;

आणि समाईकमधल्या मुख्य प्रोसिजरचा गाभा असा:

क्रिएट टेबल #उतारा (
    डेटाबेस_नाव सिसनेम कोलेट डेटाबेस_डीफॉल्ट,
    तारीख डेट,
    तपशील एनव्हारचार(२००) कोलेट डेटाबेस_डीफॉल्ट,
    नावे डेसिमल(१८,२),
    जमा डेसिमल(१८,२));

डिक्लेअर @डीबी सिसनेम, @प्रोक एनव्हारचार(४००);
डिक्लेअर क कर्सर लोकल फास्ट_फॉरवर्ड फॉर
    सिलेक्ट य.डेटाबेस_नाव
    फ्रॉम डीबीओ.वर्षयादी ॲज य
    जॉईन सिस.डेटाबेसेस ॲज ड ऑन ड.नेम = य.डेटाबेस_नाव कोलेट डेटाबेस_डीफॉल्ट
    व्हेअर य.वर्ष बिटवीन @पासून अँड @पर्यंत अँड ड.स्टेट = ०;
ओपन क;
फेच नेक्स्ट फ्रॉम क इन्टू @डीबी;
व्हाइल @@फेच_स्टेटस = ०
बिगिन
    सेट @प्रोक = क्वोटनेम(@डीबी) + एन'.डीबीओ.उतारा_भर';
    एक्झेक @प्रोक @खाते_आयडी = @खाते_आयडी;
    फेच नेक्स्ट फ्रॉम क इन्टू @डीबी;
एंड;
क्लोज क; डीॲलोकेट क;

सिलेक्ट तारीख, तपशील, नावे, जमा फ्रॉम #उतारा ऑर्डर बाय तारीख;

यातली एक्झेक @प्रोक ही ओळ नीट पाहा. एक्झेकला प्रोसिजरचं नाव व्हेरिएबलमधून देता येतं आणि त्या नावात डेटाबेसही असू शकतो. म्हणजे डेटाबेस बदलता राहिला, तरी कुठेही क्वेरीची स्ट्रिंग जुळवावी लागली नाही. क्वोटनेम नावाला चौकोनी कंसात घालतं आणि नावातच कंस असेल तर तो सुरक्षित करतं. १२८ अक्षरांपेक्षा लांब मजकूर दिला तर ते नल परत देतं, पण सिसनेमची मर्यादाच तितकी असल्याने इथे तो प्रसंग येत नाही.

बाहेरच्या प्रोसिजरने तयार केलेलं #उतारा हे तात्पुरतं टेबल आतल्या प्रोसिजरला दिसतं. उलटं होत नाही. आत तयार केलेलं तात्पुरतं टेबल बाहेर येताच नाहीसं होतं. म्हणून टेबल नेहमी बाहेर तयार करायचं आणि आत भरायचं. इन्सर्ट आणि एक्झेक एकत्र जोडूनही निकाल गोळा करता येतो, पण ती जोडी एकात एक बसत नाही. आतली प्रोसिजरही तीच युक्ती करत असेल तर ८१६४ येते.

बाहेर पडताना अजून एक गोष्ट करा. यादीतलं एखादं वर्ष ऑफलाइन असल्यामुळे गळलं, तर उतारा मुकाट्याने अर्धा येईल. हिशेबात अर्धा उतारा हा न मिळालेल्या उताऱ्यापेक्षा वाईट, कारण तो पाहून कुणीतरी पैसे देईल. मागितलेली वर्षं आणि प्रत्यक्ष वाचलेली वर्षं मोजा, आकडे जुळले नाहीत तर थ्रो करून, म्हणजे मुद्दाम चूक देऊन, थांबा.

वर्षाच्या डेटाबेसमध्ये स्वतःची प्रोसिजर चढवायची मुभा नसेल, म्हणजे डेटाबेस सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा असेल, तर मात्र डायनॅमिक एसक्यूएल, म्हणजे चालवताना स्ट्रिंगमधून दिलेली क्वेरी, लागतं. तरीही डेटाबेसचं नाव क्वेरीत घालू नका:

सेट @चालव = क्वोटनेम(@डीबी) + एन'.सिस.एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल';
एक्झेक @चालव @क्वेरी, एन'@ख इंट', @ख = @खाते_आयडी;

त्या डेटाबेसमधल्या एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलला हाक मारली की क्वेरी त्याच डेटाबेसच्या संदर्भात चालते. @क्वेरीमध्ये नुसतं डीबीओ.व्हाउचर लिहायचं, खात्याचा क्रमांक पॅरामीटरमधून द्यायचा. @क्वेरी एनव्हारचारच हवी, साधी व्हारचार चालत नाही.

सर्व डेटाबेसवरून फिरण्यासाठी एसपी_एमएसफॉरईचडीबी नावाची प्रोसिजर पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दस्तऐवजात नाही आणि मधला एखादा डेटाबेस वगळून पुढे जाण्यासाठी ओळखली जाते. हिशेबाच्या कामात तिला जागा नको.

परवानग्या: इथे घाई नको

विकासकाच्या मशीनवर सगळं चालतं, कारण तो सिसॲडमिन, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार असलेला, असतो. कॅशियरच्या लॉगिनने चालवलं की ९१६ येते: या लॉगिनला त्या डेटाबेसमध्ये प्रवेश नाही.

हे का होतं ते आधी समजून घेऊ. लॉगिन सर्व्हरचं असतं, युजर डेटाबेसचा. एकाच डेटाबेसमध्ये प्रोसिजर आणि टेबल यांचा मालक एक असेल, तर प्रोसिजर चालवायची परवानगी पुरते, टेबलची वेगळी लागत नाही. याला मालकीची साखळी म्हणतात. डेटाबेसची हद्द आली की ही साखळी मूळ सेटिंगमध्ये तुटते. डायनॅमिक एसक्यूएलमध्ये तर ती एकाच डेटाबेसमध्येही तुटते.

ही अडचण सोडवण्याचे चार रस्ते आहेत. त्यातला एक बंदच ठेवायचा.

सगळ्यात साधा रस्ता: कॅशियरच्या लॉगिनसाठी प्रत्येक वर्षाच्या डेटाबेसमध्ये युजर तयार करायचा, एक रोल बनवायचा आणि रोलला फक्त उतारा_भर चालवायची परवानगी द्यायची. टेबलवर काहीच नाही. लहान प्रोसिजरच्या रचनेचा इथे मोठा फायदा होतो, कारण त्या डेटाबेसच्या आत मालकीची साखळी शाबूत असते. दहा-पंधरा वापरणारे असतील त्या कार्यालयात यापुढे जायची गरज नाही.

दुसरा रस्ता डीबी_चेनिंगचा. दोन्ही डेटाबेसवर हे सेटिंग चालू केलं आणि वस्तूंचा मालक एकच लॉगिन असेल, तर साखळी हद्द ओलांडते. वापरणारा दुसऱ्या डेटाबेसमध्ये युजर म्हणून तरीही असावा लागतो. दोन्ही डेटाबेस एकाच माणसांच्या ताब्यात असतील तर हे चालेल. पण एका डेटाबेसमध्ये प्रोसिजर तयार करू शकणारा माणूस दुसऱ्याच्या टेबलांपर्यंत पोहोचू शकतो, हे मान्य करूनच ते सेटिंग चालू करा.

तिसरा रस्ता ट्रस्टवर्दीचा, आणि बंद ठेवायचा तो हाच. प्रोसिजरला एक्झिक्यूट ॲज ओनर लावलं तरी ती ओळख त्या डेटाबेसपुरतीच मानली जाते. मग कुणीतरी डेटाबेसवर ट्रस्टवर्दी ऑन करायला सांगतं आणि चूक लगेच नाहीशी होते. पण डेटाबेसचा मालक सिसॲडमिन असेल, आणि बहुतेक ठिकाणी तो एसए (सर्व्हरचं मूळ सिसॲडमिन लॉगिन) असतो, तर त्या डेटाबेसमधला कोणताही डीबी_ओनर (त्या डेटाबेसपुरते पूर्ण अधिकार असलेला) आता स्वतःला अख्ख्या सर्व्हरचा सिसॲडमिन करून घेऊ शकतो. एका खातेउताऱ्यासाठी सगळ्या खातेदारांचा डेटा असा उघडा टाकणं मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. आपल्या सर्व्हरवर हे कुठे चालू आहे का, ते सिस.डेटाबेसेसमधल्या इझ_ट्रस्टवर्दी_ऑन या कॉलममध्ये आजच पाहा. एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ते मूळचंच चालू असतं, तिथे हात लावू नका.

चौथा रस्ता सर्टिफिकेटच्या सहीचा. डायनॅमिक एसक्यूएल वापरणाऱ्या प्रोसिजरसाठी हाच योग्य. पायऱ्या अशा: समाईकमध्ये पासवर्ड देऊन सर्टिफिकेट तयार करा. ॲड सिग्नेचरने त्याची सही मुख्य प्रोसिजरवर घाला. सर्टिफिकेटचा फक्त सार्वजनिक भाग प्रत्येक वर्षाच्या डेटाबेसमध्ये न्या, २०१२ पासून सर्टएन्कोडेड() हे फंक्शन वापरून हे फायलीशिवाय होतं. तिथे क्रिएट युजर फ्रॉम सर्टिफिकेटने एक युजर तयार करा. या युजरने कुणी लॉगिन करू शकत नाही, तो केवळ परवानगी टांगायची खुंटी आहे. त्यालाच व्हाउचर टेबलवर सिलेक्ट द्या. सही झालेली प्रोसिजर चालते तेव्हा ती परवानगी तेवढ्यापुरती जोडली जाते आणि आतल्या डायनॅमिक एसक्यूएललाही लागू पडते.

प्रोसिजरमध्ये एक अक्षर बदललं तरी सही जाते. हे त्रासाचं वाटेल, पण सहीचा अर्थच तो आहे: परवानगी तपासलेल्या मजकुराला दिली होती, नव्या मजकुराला नाही. प्रोसिजर चढवण्याच्या स्क्रिप्टच्या शेवटी पुन्हा सही करणारी ओळ घालून ठेवा.

परवानग्या तपासताना एक्झिक्यूट ॲज लॉगिन वापरा, एक्झिक्यूट ॲज युजर नको. युजरची ओळख त्या डेटाबेसबाहेर मानली जात नाही, त्यामुळे परवानग्या बरोबर असूनही ९१६ दिसेल आणि नसलेली चूक शोधण्यात दिवस जाईल.

शिल्लक पुढे ओढताना

वाचण्यापेक्षा लिहिणं जोखमीचं. जुन्या वर्षाची अखेरची शिल्लक नव्या वर्षाच्या आरंभी टेबलमध्ये घालायची आणि वर्षयादीत जुनं वर्ष बंद म्हणून नोंदवायचं. दोन्ही व्हावं किंवा एकही होऊ नये. सुदैवाने एकाच इन्स्टन्सवर अनेक डेटाबेसना लागणारं ट्रान्झॅक्शन सर्व्हर स्वतः अखंड राखतो, डिस्ट्रिब्यूटेड ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटरची गरज पडत नाही.

सेट एक्सॅक्ट_ॲबॉर्ट ऑन;
बिगिन ट्राय
    बिगिन ट्रान्झॅक्शन वर्षअखेर विथ मार्क एन'२४२५ ची शिल्लक पुढे';
    इन्सर्ट इन्टू हिशेब२५२६.डीबीओ.आरंभी (खाते_आयडी, रक्कम)
    सिलेक्ट खाते_आयडी, सम(रक्कम) फ्रॉम (
        सिलेक्ट खाते_आयडी, रक्कम फ्रॉम हिशेब२४२५.डीबीओ.आरंभी
        युनियन ऑल
        सिलेक्ट खाते_आयडी, नावे - जमा फ्रॉम हिशेब२४२५.डीबीओ.व्हाउचर) ॲज स
    ग्रुप बाय खाते_आयडी;
    अपडेट समाईक.डीबीओ.वर्षयादी सेट बंद_आहे = १ व्हेअर वर्ष = एन'२४२५';
    कमिट;
एंड ट्राय
बिगिन कॅच
    इफ एक्सॅक्ट_स्टेट() <> ० रोलबॅक;
    थ्रो;
एंड कॅच;

वाचायला सोपं जावं म्हणून इथे डेटाबेसची नावं थेट लिहिली आहेत, प्रत्यक्षात वरचीच रीत वापरा. आरंभी टेबलवर खाते_आयडीची युनिक अट हवीच. ती असेल तर कुणी प्रोसिजर दुसऱ्यांदा चालवली तरी शिल्लक दुप्पट होणार नाही. आरंभीतून समाईकमधल्या खात्यांकडे फॉरेन की मात्र लावता येत नाही, हद्द ओलांडणारी फॉरेन की सर्व्हर १७६३ देऊन नाकारतो. त्यामुळे रोज रात्री एक तपासणी चालवा: वर्षाच्या टेबलांत असलेली पण समाईकमध्ये नसलेली खाती.

विथ मार्क कशासाठी, हे सांगायलाच हवं. ट्रान्झॅक्शन अखंड असलं तरी बॅकअप अखंड नसतात. समजा डिस्क गेली. समाईक रात्री अकराच्या स्थितीला आणि हिशेब२५२६ दहाच्या स्थितीला रिस्टोअर झाला, तर वर्ष बंद दिसेल पण आरंभी शिल्लक नसेल. कमिटने दिलेली हमी रिस्टोअरमध्ये निघून जाते. विथ मार्क दिलं की त्या ट्रान्झॅक्शनने बदललेल्या प्रत्येक डेटाबेसच्या लॉगमध्ये एक खूण पडते आणि रिस्टोअर करताना स्टॉपॲटमार्क किंवा स्टॉपबिफोरमार्क सांगून सगळे डेटाबेस त्याच खुणेपर्यंत आणता येतात. पहिल्यात खुणेचं ट्रान्झॅक्शन धरलं जातं, दुसऱ्यात त्याच्या आधी थांबतं. यासाठी सर्व डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये हवेत आणि लॉग बॅकअप नियमित हवेत. रोजच्या कामासाठी प्रत्येक डेटाबेसमध्ये खूण नावाचं एका ओळीचं टेबल ठेवा आणि दर तासाला एका मार्क केलेल्या ट्रान्झॅक्शनमधून सगळीकडची ती ओळ अपडेट करा. जे डेटाबेस त्या ट्रान्झॅक्शनने बदलले नाहीत त्यांच्यात खूण पडत नाही, म्हणून हा खटाटोप.

ऑलवेज ऑन अव्हेलेबिलिटी ग्रुप (डेटाबेसच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरवर तयार ठेवण्याची सोय) वापरत असाल तर आवृत्ती तपासा. २०१६ च्या सर्व्हिस पॅक २ च्या आधी अशा ग्रुपमधल्या डेटाबेसवर अनेक डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन समर्थित नव्हतं. स्नॅपशॉट आयसोलेशनही (ट्रान्झॅक्शनला सुरुवातीच्या क्षणाचाच डेटा दाखवण्याची रीत) डेटाबेसनिहाय असतं. एकात चालू आणि दुसऱ्यात बंद असेल तर दुसऱ्याला हात लावताच ३९५२ येते.

कोलेशन आणि मराठी नावं

जुनं वर्ष एका सर्व्हरवर जन्मलेलं, नवं दुसऱ्यावर, म्हणून कोलेशन वेगळं निघतं आणि मजकुराच्या कॉलमवर जॉईन केला की ४६८ येते. जॉईनमध्ये एका बाजूला कोलेट डेटाबेस_डीफॉल्ट लावल्यावर चूक जाते, पण ज्या कॉलमला ते लावलं त्याचा इंडेक्स सहसा वापरला जात नाही. त्यामुळे ते नेहमी लहान टेबलच्या बाजूला लावा. तात्पुरती टेबलं टेम्पडीबीचं कोलेशन घेतात, म्हणूनच वर #उतारामध्ये ते मुद्दाम लिहिलं होतं.

आपल्याकडे यापुढची एक गोष्ट हमखास आढळते. जुन्या वर्षांत खातेदारांची नावं श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टच्या संकेतात, व्हारचार कॉलममध्ये साठवलेली असतात, नव्या वर्षांत युनिकोड एनव्हारचारमध्ये. पडद्यावर दोन्हीकडे तेच नाव दिसतं, आत साठवलेली अक्षरं वेगळी असतात. कोणतंही कोलेशन हे जुळवू शकत नाही. नावावर जॉईन करायचाच नाही, खाते_आयडीवर करायचा, आणि जुन्या नावांचं रूपांतर एकदाच करून समाईकमध्ये ठेवायचं. युनिकोड मजकुराच्या स्थिरांकापुढे एन लावायला विसरलात तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही.

दुसरा सर्व्हर, दुसरी प्रणाली

डेटाबेस वेगळ्या इन्स्टन्सवर असेल तर लिंक्ड सर्व्हर लागतो आणि चार भागी नाव. मग ट्रान्झॅक्शन डिस्ट्रिब्यूटेड होतं आणि वेगही बदलतो, कारण अख्खं टेबल नेटवर्कवरून ओढलं जाऊ शकतं. पलीकडच्या सर्व्हरवर प्रोसिजर ठेवून तिलाच बोलावणं तिथे जास्त चांगलं. अझ्युअर एसक्यूएल डेटाबेसमध्ये दुसऱ्या डेटाबेसचं तीन भागी नाव चालतच नाही, मॅनेज्ड इन्स्टन्समध्ये चालतं. मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस आणि स्कीमा एकच असल्याने डेटाबेस.टेबल पुरतं. पोस्टग्रेसमध्ये एका जोडणीतून दुसरा डेटाबेस थेट दिसत नाही, पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू हे जोडणारं एक्स्टेंशन लागतं. तिथे नव्याने सुरुवात करत असाल तर वर्षागणिक स्कीमा ठेवा.

नवं वर्ष उघडताना

एप्रिलच्या कामाचा क्रम ठरवून ठेवा. कोऱ्या डेटाबेसवरून हिशेब२६२७ तयार करा आणि त्याचं कोलेशन, रिकव्हरी मॉडेल, स्नॅपशॉटचं सेटिंग समाईकशी ताडून पाहा. सिनोनिम घाला आणि तपासा. लहान प्रोसिजर चढवा. रोल, युजर आणि लागत असेल तर सर्टिफिकेटचा युजर तयार करा. खूण टेबल घालून तासाच्या कामात हा डेटाबेस जोडा, पूर्ण बॅकअप घ्या. मग एक्झिक्यूट ॲज लॉगिनने कॅशियर बनून उतारा_भर चालवा.

त्याचबरोबर सिस.एसक्यूएल_एक्स्प्रेशन_डिपेंडन्सीज या व्ह्यूमध्ये रेफरन्स्ड_डेटाबेस_नेम नल नसलेल्या ओळी पाहा. कुठल्या प्रोसिजरमध्ये दुसऱ्या डेटाबेसचं नाव थेट लिहिलेलं राहिलं आहे ते तिथे दिसतं. डायनॅमिक एसक्यूएलमधली नावं मात्र तिथे येत नाहीत, ती सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्समधल्या मजकुरात शोधावी लागतात. मागच्या वर्षाचं नाव कुठे सापडलं, तर ते काढून मगच पुढे जा.

वर्षयादीत नव्या वर्षाची ओळ सगळ्यात शेवटी घाला. तोपर्यंत एकही प्रोसिजर नव्या डेटाबेसकडे वळत नाही, त्यामुळे वरची सगळी तयारी कामकाज चालू असताना, दिवसाढवळ्या करता येते.